बाणांची बेरीज

“थे बाई शिकवत नाई बे, राखन करते. जवारीतल्या बुजगावन्यावानी.”

“मंग बोलत काहून नाई?”

“बुजगावनं बोलते का कुठी? उभं राह्यलं म्हनजे झालं.”

कपाटाच्या अलीकडे मी वजनांची पेटी पुसत उभी होते आणि पलीकडे इंटर सायन्सची दोन मुलं फळीवर कप्पी बसवत होती. बुजगावण्याची उपमा देणारा पुंडलिक होता. नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यातला, अंगाने थोराड, बोटं अशी जाड की पेन्सिल त्यांत हरवून जावी. मला राग यायला हवा होता, पण पहिला विचार आला तो असा की वर्णन फारसं चुकलेलं नाही. अमरावतीच्या त्या कॉलेजात माझं पहिलं वर्ष सरत आलं होतं आणि प्रयोगशाळेतलं माझं बोलणं ‘येस’, ‘नो’ आणि ‘टेक द रीडिंग अगेन’ यांच्या फारसं पुढे गेलेलं नव्हतं.

मी अकोल्याची. वडील वकील, शाळा नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, सगळं शिक्षण इंग्रजीतून. इंग्रजीत माझं अडत नाही, घरातल्या मराठीतही अडत नाही. अडतं ते समोर चारपेक्षा जास्त माणसं बसली की. या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी काही लिहा म्हटलं तेव्हा मी हो म्हटलं, ते लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं म्हणून.

माझं काम डेमॉन्स्ट्रेटरचं. प्रोफेसर जे फळ्यावर सांगतात ते टेबलावर खरोखर घडतं का, हे मुलांकडून करवून घेणारी व्यक्ती म्हणजे डेमॉन्स्ट्रेटर. फळ्यावर सगळंच घडतं. टेबलावर दोरा ताणतो, कप्पी अडते, वजनाचा कपचा उडालेला असतो, आणि मुलाला डबा खायची घाई असते. त्यातून जे उत्तर येतं त्याला पदार्थविज्ञान म्हणतात.

वर्षाचा पहिला मोठा प्रयोग जोरांच्या बेरजेचा. जोरासारख्या, दिशा असलेल्या राशीला पुस्तकात व्हेक्टर म्हणतात; तो शब्द ऐकून वाचकांनी पान उलटू नये. गोष्ट घरातली आहे. अमरावतीला मी मावशीकडे राहते. तिच्याकडे दोन कड्यांचं एक मोठं तांब्याचं घंगाळ आहे. सणावारी ते भरून दोघींनी उचलायचं. मी अंग चोरून लांबून धरते, म्हणजे आमचे हात फाकलेले राहतात, आणि घंगाळ जड लागतं. मावशी ओरडते, “जवळ ये गं, पाणी काय चावतं का?” मी जवळ सरकते, हात उभे होतात, आणि तेच घंगाळ हलकं होतं. पाणी तेवढंच, माणसं त्याच दोघी. बदलला तो फक्त हातांमधला कोन. ज्या गोष्टीला ‘किती’बरोबरच ‘कुठल्या दिशेला’ हेही विचारावं लागतं, तिची बेरीज बोटांवर होत नाही. तीन आणि चार मिळून तिथे सातही होतात, पाचही होतात, आणि दोघं समोरासमोरून ओढू लागले तर एकच उरतो.

माझ्या वडिलांना हे सुटीत समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तीन आणि चार पाच? उरलेले दोन कुणाकडे गेले, ते आधी सांग.” मी सांगितलं की कुणाकडे गेले नाहीत, एकमेकांशी भांडण्यात खर्च झाले. ते त्यांना लगेच पटलं. दिवाणी दावे चालवणाऱ्या माणसाला पटणारच.

ही बेरीज करायच्या दोन रीती आहेत. एक कागदावरची. प्रत्येक जोर म्हणजे एक बाण. शंभर पौंडांना एक इंच असं काही प्रमाण धरायचं, जोर जितका तितका बाण लांब, आणि जोर ज्या दिशेला त्या दिशेला बाणाचं टोक. एका बिंदूतून दोन बाण काढायचे. मग पहिल्याच्या टोकातून दुसऱ्याला समांतर रेघ, दुसऱ्याच्या टोकातून पहिल्याला समांतर रेघ. चौकोन पुरा होतो. मूळ बिंदूतून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जो कर्ण जातो तो उत्तर. तो पट्टीने मोजायचा. दुसरी रीत गणिताची. दोन्ही जोरांचे वर्ग, त्यांत त्यांच्या गुणाकाराची दुप्पट कोनाच्या कोसाइनने गुणून मिळवायची, आणि वर्गमूळ. त्यासाठी कोष्टकांचं पुस्तक उघडायचं. पेन्सिल आणि कोष्टक या दोघांची उत्तरं जवळजवळ सारखी आली पाहिजेत.

‘जवळजवळ’ या शब्दावर माझी नोकरी उभी आहे. एका डॉक्टरांच्या मुलाचं आकृतीचं उत्तर एकदा गणिताशी तिसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. त्याच्या पेन्सिलीची रेघ एवढी जाड होती की तिच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतच चार पौंड बसले असते. मी त्याच्या आकृतीवर पट्टी ठेवली आणि ती त्याच्या हातात दिली. तो लाल झाला, नवा कागद घेऊन बसला, आणि या वेळी जरा चुकीचं, म्हणजे खरं उत्तर घेऊन आला. अशा वेळी न बोलणाऱ्या बाईचा उपयोग असतो.

प्रयोग असा असतो. एक उभी फळी, तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांत कप्प्या. दोन दोरे कप्प्यांवरून बाहेर जातात, त्यांना वजनं. आत त्यांची एक गाठ, आणि त्याच गाठीला खाली तिसरं वजन. गाठ वरखाली हलते आणि आपली जागा शोधून थांबते. ती खरीच थांबली आहे की कप्पीने अडवली आहे, हे बघायला फळीवर बोटाने हलकं टकटक करायचं. लढाईमुळे विलायतेहून कप्प्या येणं बंद होतं. जुन्या तेलपाणी करून चालवायच्या. मला आता टकटकीच्या आवाजावरूनच कळतं कोणती कप्पी खोटं बोलते आहे. याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

आमचे प्रोफेसर आगटे पुण्याचे. शिस्तीचे आणि सरळ. मला नेमायची वेळ आली तेव्हा समितीत कुणीतरी म्हणालं होतं की बाई आणि बॅटऱ्या एका खोलीत नकोत. सर म्हणाले, “मग बॅटऱ्या हलवू.” पेन्सिलीला सुरीसारखं टोक करायचं, ते त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्याविरुद्ध एक अक्षर बोलायची वेळ येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी टर्मअखेरच्या प्रात्यक्षिकासाठी सरांनी स्वतः प्रश्न काढला. इंग्रजी पुस्तकात तो कालव्यातल्या नावेचा होता. दोन काठांवरून दोन घोडे दोर लावून नाव ओढतात, वगैरे. सर म्हणाले, “इथल्या मुलांनी कालवा पाहिलाय कुठे? बैल द्या त्यांना, बैल.” मग प्रश्न असा झाला: एक ओंडका दोन बैल ओढतात, एकाचा जोर तीनशे पौंड, दुसऱ्याचा चारशे, दोरांमधला कोन साठ अंश. एकूण जोर आकृतीने काढा आणि गणिताने पडताळून पहा. सरांनी मोठ्या समाधानाने मला तो वाचून दाखवला. “कसा काय, मिस पाठक?” मी म्हटलं, “व्हेरी गुड, सर.” मला तो खरोखरच चांगला वाटला होता.

परीक्षेला देखरेख माझीच होती. शेतकरी घरांतली चार मुलं एका बोर्डिंगात एकाच खोलीत राहत, म्हणून सरांच्या सांगण्यावरून मी त्यांना खोलीच्या चार कोपऱ्यांत बसवलं होतं. पुंडलिक खिडकीशी होता. त्याने दोन बाण नीट काढले, पेन्सिल खाली ठेवली, मान खाजवली, आणि मग दोन बाणांची टोकं एका रेघेने जोडून टाकली. ठळक, निश्चिंत रेघ. चौकोन नाही, काही नाही. ती रेघ मोजून त्याने उत्तर लिहिलं. माझ्या मनात आलं, अरे, हे काय! पण देखरेख करणाऱ्याने बोलायचं नसतं, आणि तो नियम मला फार सोयीचा आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. टेबलावर चार कागद एका ओळीत मांडले होते. चारही आकृत्यांत टोकं जोडलेली. गणिताचं उत्तर चौघांचंही बरोबर, सहाशे आठ. आकृतीचं उत्तर चौघांचंही तीनशे साठच्या आसपास.

“वाचा,” सर म्हणाले. “दोन बैल मिळून तीनशे साठ पौंड! त्यांतला एक एकटाच चारशे ओढतो. दुसऱ्याने काय याला मागे ओढायचं काम पत्करलंय? सूत्र पाठ, आकृती शून्य, आणि चूक चौघांची एक. वेगवेगळ्या चुका असत्या तर मी गुण कापले असते. एकच चूक चौघांना सुचत नाही. एकाने केली, तिघांनी उचलली.”

“सर, आय वॉज देअर,” मी म्हटलं.

“तुमचं लक्ष नव्हतं असं मी म्हणत नाही. पण ही मुलं खुणांनी बोलतात. हे बघा.” त्यांनी पुंडलिकच्या आकृतीवर बोट ठेवलं. टोकं जोडणाऱ्या रेघेवर, दोन्ही शेवटांपाशी, दोन छोटे आडवे फटकारे होते. दुसऱ्या एका कागदावरही तसेच. “ही त्यांची खूण.”

नक्कल करणाऱ्याला प्रात्यक्षिकाचा दाखला द्यायचा नाही असा कॉलेजचा नियम, आणि दाखल्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नसे. चौघांचंही वर्ष जाणार होतं. पुंडलिकचं त्याहून जास्त. त्याच्या थोरल्या भावाने त्याला इंटरपुरतीच मोकळीक दिली होती, पास झाला तर पुढे, नाहीतर घरी नांगरामागे. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं, कारण पुंडलिकचा आवाज कपाटाच्याच काय, भिंतीच्याही पलीकडे जात असे. प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे प्रकरण दोन दिवसांनी ठेवायचं ठरलं.

त्यांनी नक्कल केली नव्हती. हे मला ठाऊक होतं, जसं कप्पीचं मला ठाऊक असतं. पण का चुकले, हे सांगता येत नव्हतं, आणि कारणाशिवाय नुसतं ‘नाही’ म्हणणं सरांनीच मला शिकवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी जाताना कापसाच्या बाजारावरून गेले. रिकाम्या झालेल्या गाड्या परतायच्या तयारीत होत्या. एका गाडीवानाने दोन बैल आणून उभे केले. एकाचं तोंड वडाकडे, दुसऱ्याचं हौदाकडे. त्याने जू उचललं, दोन्ही मानांवर ठेवलं, दोन्ही टोकांच्या लाकडी खुंट्या आत सारल्या. बैलांनी माना हलवल्या आणि दोघं एकदम एकाच दिशेला चालू लागले. मी आयुष्यभर बैलगाड्या पाहत आले होते. खुंट्या मी त्या दिवशी प्रथम पाहिल्या. मी इतका वेळ बघत राहिले की दुसरा गाडीवान म्हणाला, “काय पाह्यता बाई? बैल इकाचे नाई.”

मी तिथून निघाले, जवळजवळ धावतच.

सकाळी प्रयोगशाळेत पुंडलिकला फळीशी बोलावलं. मी मराठीत बोलले म्हणून तो आधी दचकला. मी कागदावर दोन बाण काढले, टोकं जोडली, दोन फटकारे मारले.

“पुंडलिक, ही रेघ कशाची?”

“जू आहे, बाई. अन् ह्या दोन खुंट्या.” मी अगदीच भोळं विचारलं असा चेहरा.

“प्रश्नात जू कुठे होतं?”

“प्रश्नात बैल व्हते ना!”

“पण दोर वेगळे दिले होते. साठ अंशांचा कोन होता.”

“मले थेच समजे ना. असे फाकवून बैल कोनी धरते का? जू नसन तर एक इकडे पयन, अन् एक तिकडे. लाकूड जागचं हालन नाई. म्हनून मी आधी जू टाकलं.”

“आणि उत्तर तीनशे साठ? एका बैलापेक्षाही कमी?”

“होते ना बाई तसं. जोडी जमली नाई म्हनजे एका बैलाहून कमीच वढते. आमच्या घरी पाह्यली म्यां तसली जोडी. थो पांढऱ्या त नुसता आडवाच चाले.”

“मग गणितात सहाशे आठ आलं, त्याचं काय केलंस?”

पुंडलिकने जरा विचार केला. “थो पुस्तकातला बैल असन, म्हनलं.”

मी हसले. मोठ्याने हसले असणार, कारण शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघू लागली. मग मी बैल काढून टाकले. त्याच्या हातात दोन दोरे दिले, एक गाठ दिली, आणि सांगितलं की आता फक्त गाठीचा विचार कर. गाठीला कुठे जावंसं वाटतं? त्याने गाठ धरली, दोन्ही दोर ओढून पाहिले, आणि त्याची जाड बोटं आपोआप दोन दोरांच्या मधून पुढे सरकली. “इकडे, बाई. मधात. जास्त जोरवाल्याकडं थोडी कलून.” मग त्याने स्वतःच चौकोन पुरा केला आणि कर्ण मोजला. सहा इंचांच्या वर थोडा. “म्हनजे पुस्तकातला बैल खरा हाय!” तो म्हणाला, आणि जरा नाराजच झाला.

शेवट काय झाला ते आधी सांगून टाकते. चौघांची परीक्षा फळीवर पुन्हा घेतली, चौघांचं उत्तर जवळजवळ आलं, चौघांनाही दाखला मिळाला. पुंडलिक इंटर झाला आणि नागपूरला शेतकी कॉलेजात गेला. पुढच्या वर्षी सरांनी प्रश्नातले बैल काढून दोन माणसं घातली. मीही कायम झाले. दर वर्षी या प्रयोगाला आता मी आधी फळ्यावर चुकीची रेघ काढते, टोकाला टोक जोडून, आणि विचारते, हे काय आहे? खेड्यातली मुलं लगेच सांगतात. शहरातली मुलं त्यांच्याकडे बघत बसतात. मग मी सांगते की या रेघेत बेरीज नाही, दोन जोरांमधला फरक आहे, आणि तिथून पुढे शिकवणं सोपं जातं. इतर कॉलेजांतले डेमॉन्स्ट्रेटर ही रीत विचारायला येतात. सर त्यांना माझ्याकडे पाठवतात.

पण त्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत यातलं काहीच झालेलं नव्हतं. खोलीत साहेब होते, सर होते, आणखी दोन प्रोफेसर होते. चौघं मुलं दाराशी उभी होती, टोप्या नीट करत. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. सरांनी चार कागद पुढे सरकवले, नियम वाचून दाखवला. साहेब मला म्हणाले की देखरेख तुमची होती, तर इथे सही करा. टाक माझ्या हातात दिला गेला.

रात्रभर जुळवलेली इंग्रजी वाक्यं माझ्याजवळ तयार होती. कोन, कर्ण, कोसाइन, सगळं क्रमाने. खोलीत मोजून चारच्या वर माणसं होती, आणि त्यांतल्या एकाने मला बॅटऱ्या हलवून जागा करून दिली होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं, “येस, मिस पाठक?” असं म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच काही जाणून घ्यायची इच्छा होती. पुंडलिकची नजर त्या कागदांवर होती, त्याला इंग्रजीतलं अर्धंच कळत असावं. मी टाक खाली ठेवला. इंग्रजी वाक्यं सगळी बाजूला सारली, कारण ती त्याला कळली नसती.

आणि मराठीत, दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले:

“सर, तुम्ही प्रश्नात बैल मोकळे सोडले होते. यांनी ते जुंपले.”